पिवळ्या धाग्याची बाटली

१

सोमवारी सकाळी आठ वाजता वत्सला सावजींनी प्रयोगशाळेची नोंदवही उघडली, तेव्हा शुक्रवारचं पान तिथं नव्हतं.

गुरुवारनंतर एकदम शनिवार. मधे शिवणीलगत बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. पट्टीची कड मऊ होती, कागदाची लव सुटलेली. पातं किंवा कात्री फिरवली तर अशी कड राहत नाही. कोणीतरी पान दुमडलं होतं, दुमड ओली केली होती आणि मग ते हळूच ओढून काढलं होतं.

सन १९६४चा फेब्रुवारी. बुलढाण्याच्या जानकी स्मारक दवाखान्यात वत्सलाबाईंना सात वर्षं झाली होती. नागपूरला प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करून त्या इथं आल्या आणि एका खोलीची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. बहिणीच्या लग्नासाठी त्या गेल्या बुधवारी रजेवर गेल्या होत्या. डॉक्टर वामनरावही गुरुवारपासून हिवऱ्याच्या आरोग्य शिबिराला होते, ते आज सकाळीच परतले होते. शुक्रवारी प्रयोगशाळेत फक्त कादर होता.

"कादरभाई, पान कोणी फाडलं?"

कादर काचेच्या बरण्या धूत होता. पन्नाशीचा माणूस, विहिरींच्या काठाकाठानं फिरून भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे मोठे बेडूक, पकडून आणणं हे त्याचं मुख्य काम. "मी काऊन फाडीन, बाई? मले ना लिहिता येत, ना वाचता. पान फाडून का त्याची होडी करू?"

"शुक्रवारी काय तपासलं होतं?"

"भेकाच्या दोन बाटल्या होत्या. बाकी काहीच नाई."

भेकाची तपासणी म्हणजे गर्भ राहिला आहे की नाही हे पाहण्याची तपासणी. बाईची लघवी नर भेकाच्या पाठीच्या कातडीखाली टोचायची आणि दोन-तीन तासांनी त्याच्या मूत्राचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. बाईला दिवस गेले असतील तर तिच्या लघवीत गर्भाला पोसणाऱ्या वारेनं तयार केलेला एक रस उतरलेला असतो. त्या रसानं भेकाचे शुक्रजंतू सुटतात आणि काचेवर शेपट्या हलताना दिसतात. दिवस नसतील तर काच रिकामी. कादरला हे पाहायला वत्सलाबाईंनीच शिकवलं होतं.

अशा बाटल्यांवर नावं लिहायची नाहीत, हा परिचारिका मनकर्णाबाईंचा नियम. खिडकीशी बसलेल्या दहा जणांनी कोणाचं नाव वाचावं आणि संध्याकाळी ते बाजारात पोचावं, हे त्यांना चालत नसे. म्हणून त्या बाटलीच्या गळ्याला रंगीत धागा बांधत. कोणता धागा कोणाचा, हे फक्त नोंदवहीत, त्यांच्या हातानं लिहिलेलं असे.

"निकाल आठवतो?"

"आठवाचं काय काम हाय?" कादरनं फळीवरच्या दोन बरण्या पुढं ओढल्या. एकीच्या झाकणावर खडूनं गोल काढलेला होता, दुसरीच्या झाकणावर आडवी रेघ. गोलाच्या बरणीला पिवळा धागा गुंडाळलेला होता, रेघेच्या बरणीला काळा. "गोल म्हणजे भरलं. रेघ म्हणजे खाली. एक सांगू का बाई? पिवळ्याची लघवी कमी होती, मी निम्मीच टोचली. तरी तासाभरात सारी काच वळवळून राह्यली. इतकी घाई मी कधी पाह्यली नाई."

दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. दवाखान्यातली सगळी बाळंतपणं त्याच करत. डोक्यावरची पांढरी टोपी सरळ, आवाजही सरळ. "पिवळा त्या शकीलाचा. काळा रोहिणखेडच्या विमलचा, ते टीबीची. सहा वर्षांनी शकीलाच्या घरी पाळणा हलनार."

"आणि पान?"

"उंदरं काय कमी हायेत का इथं?"

उंदीर कागद ओला करून फाडत नाहीत, असं वत्सलाबाई म्हणणार होत्या. तेवढ्यात खिडकीशी बांगड्या वाजल्या. रहेमतुल्ला कापडवाल्याची बायको शकीला उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"बाई, तो भेक आता सोडून द्या," ती कसनुसं हसली. "काल माहा महिना आला. दिवस-बिवस काही नव्हतेच."

मनकर्णाबाई वळून चालू लागल्या. शकीला रिकामी होती. म्हणजे काळा धागा तिचा होता, आणि पिवळा विमलचा. वत्सलाबाईंना विमलच्या केसपेपरवरची पहिली ओळ आठवली. तिचा नवरा जाऊन चौदा महिने झाले होते.

२

बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट विमलची. वय तेवीस. तीन महिने ती इथं होती, मधे डिसेंबरात आठ दिवस घरी जाऊन आली होती. छातीत दुखणं, खोकला, थुंकीत रक्त. डॉक्टरांनी क्षय ठरवला होता. रोजचं इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या घेऊनही तिचं वजन उतरतच होतं. तिच्या दोन पाळ्या चुकल्याचं कळल्यावर शिबिराला निघताना डॉक्टरांनीच तपासणी लिहून दिली होती.

विमलची भेकाची तपासणी झाल्याचं वॉर्डात फुटलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपलं तोंड भिंतीकडं केलं होतं. विमलच्या उशाशी तिचा दीर भगवानराव बसला होता. पंचविशीचा, पांढरा सदरा, हातात न सोललेलं संत्रं.

"कधी आलात?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"शनवारी संध्याकाळी. आई कवाची इथंच हाय, मांगच्या ओसरीवर चूल मांडून." मान वर न करता तो म्हणाला, "लोक काय म्हणून राह्यले ते मले समजते, बाई. पाण्याच्या टाकीपाशी दोघीजणी माह्याकडं पाहून हासल्या. भाऊ गेल्यापासून मी वावरातल्या झोपडीतच झोपतो. घरात फक्त जेवाले येतो. कोणालेही इचारा."

"मी काही केलं नाई," विमल म्हणाली. मोठ्यानं बोलायला तिच्यापाशी हवा नव्हती. "बाई, मले शपथ घ्याले लावा. कोणाचीही."

"शपथ नको. प्रश्नांची उत्तरं दे. मळमळतं?"

"लय."

"मधे कधी अंगावर गेलं?"

"जाते थोडं थोडं. महिन्याच्या हिशेबानं नाई. कवाही."

"नवरा जायच्या आधी दिवस गेले होते?"

विमलनं दाराकडं पाहिलं. दारापलीकडं ओसरी होती, तिथून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "नाई," ती म्हणाली.

आतापर्यंत ती प्रत्येक उत्तर वत्सलाबाईंकडं पाहून देत होती. हे एकच उत्तर तिनं दुसरीकडं पाहून दिलं.

उठताना वत्सलाबाईंचा पाय खाटेखालच्या कशाला तरी लागला. कापडाचं गाठोडं होतं, नीट बांधलेलं. वर लुगडं, तांब्या, फणी.

"कुठं निघालीस?"

विमलचे डोळे भरले. "मनकर्णाबाईंनी सांगितलं, कोणाले बोलू नको म्हणून. बाराच्या जीपनं धाड गावाले जाचं हाय."

३

मनकर्णाबाई पट्ट्या फाडत बसल्या होत्या. जुन्या धोतराची घडी घालायच्या, दुमडीवर ओलं बोट फिरवायच्या आणि एका झटक्यात ओढायच्या. कापड रेषेवर फाटत होतं.

वत्सलाबाई समोरच्या स्टुलावर बसल्या.

"पान कादरनं फाडलं नाही. बरण्यांवर निकाल तसाच आहे हे त्याला माहीत होतं. त्याला लपवायचं असतं तर त्यानं आधी खडू पुसला असता. भगवानराव शनिवारी संध्याकाळी आले. शनिवारची नोंद सकाळची आहे, तुमच्याच अक्षरातली, आणि तिची ओली शाई गुरुवारच्या पानाच्या पाठीवर उमटली आहे. म्हणजे ती लिहिताना पान गेलेलं होतं. डॉक्टर हिवऱ्याला होते. आता राहिलं कोण?"

मनकर्णाबाईंचा हात थांबला नाही. "झालं? आता सायबाले जाऊन सांगा."

"धाडला काय आहे?"

"माही बहीण हाय. सुईण हाय. मोकळं करून देते, चार दिवस ठिवते, पाचव्या दिवशी पोरगी परत खाटेवर. कोणाच्या कानाले खबर नाई." त्यांनी पट्टी गुंडाळली. "तुमी शिकलेल्या बाया, बाई. तुमाले रांडव पोरीचं पोट म्हणजे काय ते नाई समजनार. माह्या मावसबहिणीले असंच नाव ठिवलं होतं. तिचं पुढं काय झालं ते इचारू नका."

"नाही विचारत. एकच सांगा. तुम्ही विमलचं पोट हातानं पाहिलं?"

"तीस वर्सं हेच पाहून राह्यली मी. सपाट हाय. फार तं दोन महिने."

"दोन महिन्यांच्या गरोदर बाईची निम्मी लघवी टोचली आणि तासाभरात काच भरली, असं तीस वर्षांत कधी झालं?"

मनकर्णाबाईंचं बोट दुमडीवर थांबलं.

"साडेनऊ वाजलेत. जीप बारा वाजता," वत्सलाबाई म्हणाल्या. "मला अडीच तास आणि विमलची ताजी लघवी द्या. मी चुकले तर तुम्ही न्या तिला. मी तोंड उघडणार नाही."

पाऊण तासात चार बरण्या मांडून झाल्या. पहिल्या भेकाला लघवी जशीच्या तशी. दुसऱ्याला दहापट पाणी घालून, तिसऱ्याला शंभरपट. साध्या गर्भाचा रस एवढ्या पाण्यात विरून जायला हवा. चौथ्याला नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे भेकच फसवत नाही ना ते कळावं.

"शंभरपट?" कादर हसला. "बाई, हे तं इहिरीत गुळाचा खडा टाकून सरबत प्याल्यासारखं झालं."

भेक आपलं काम करत होते तोवर वत्सलाबाईंनी विमलचे जुने कागद काढले. थुंकी अकरा वेळा तपासली होती, त्यांनी स्वतः. अकराही वेळा क्षयाचा एकही जंतू सापडला नव्हता. मग त्यांनी दोन एक्स-रे खिडकीच्या काचेवर लावले, नोव्हेंबरचा आणि फेब्रुवारीचा. क्षयाचे डाग सहसा वरच्या बाजूला, फाटक्या कडांचे. हे डाग गोल होते, रेखीव, दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेले. नोव्हेंबरात चार होते. आता अकरा.

पावणेबाराला कादरनं सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं. तो आता हसत नव्हता.

"मिठाचं पाणी खाली. पहिला भरला. दहाचा भरला." त्यानं तिसरी काच पुन्हा पाहिली. "बाई, शंभराचा बी भरला."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

४

मनकर्णाबाईंनी जाऊन जीपवाल्याला परत पाठवलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. काचेत त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

वत्सलाबाई ओसरीवर गेल्या. तीन दगडांच्या चुलीशी विमलची सासू तानुबाई बसली होती, ठेंगणी, काटक, कपाळ कोरं. तिनं वर पाहिलं नाही.

"घेऊन जा म्हनता का पोरीले? नेतो. पन असं नाव लावून नेत नाई मी."

"नाव लावायला नाही आले. तानुबाई, मुलगा गेल्यावर सुनेचं काय झालं होतं?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. कडेनं धूर निघू लागला.

"काई नाई."

"तिला खोटं बोलता येत नाही. तिनं दाराकडं पाहिलं. तुमच्याकडं."

तानुबाईनं भाकरी उतरवली, करपलेली बाजू खाली करून ठेवली.

"पोरगं तापानं गेलं," ती म्हणाली. "तेव्हा हिले तीन महिने होते. आमी म्हनलं, देवानं एक नेलं, एक देऊन राह्यला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हिच्या पोटात कळा आल्या. आन् पडलं ते..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लेकरू नव्हतं, बाई. हात नाई, पाय नाई. नुसते फुगे. भिजल्या साबुदान्यासारखे, घोसच्या घोस. म्या माह्या हातानं गोठ्यामांगं पुरलं. गावाले कळलं असतं तं म्हनले असते, पोटात असं वाढवलं म्हनून नवरा खाल्ला हिनं. म्या तिले गळ्याची आन घातली. म्हनलं, मेली तरी बोलू नको."

"आणि ती बोलली नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "मरायला टेकली तरी."

तानुबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हंजे? टीबी हाय ना तिले?"

"चला माझ्याबरोबर. हेच सगळं डॉक्टरांना सांगा. तुमच्या सांगण्यावर तिचा जीव आहे."

प्रयोगशाळेत आलेले डॉक्टर वामनराव प्रवासानं थकलेले होते. त्यांनी तानुबाईचं ऐकलं, तीन काचा पाहिल्या, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सावजीबाई, तुम्ही डॉक्टर नाही."

"नाही. म्हणून तुम्हाला विचारते, ह्यात चूक कुठं आहे ते दाखवा." त्यांनी आवाज चढवला नाही. "शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची पोथी असते, असं अलीकडं मानतात. पण प्रत्येक पेशी आपलंच पान उघडते. फुफ्फुसाची पेशी फुफ्फुसाचं, वारेची पेशी वारेचं. भेकाला जो रस कळतो तो वारेच्या पानावरचा. विमलचं पोट सपाट आहे, मोठा गर्भ नाही, मनकर्णाबाई पैजेवर सांगतील. तरी कोणीतरी ते पान वाचतंय, आणि नुसतं वाचत नाही, ओरडतंय. शंभरपट पाणी घातलं तरी ऐकू येतंय. कोण वाचतंय?"

डॉक्टरांनी हळूहळू मान वळवली. खिडकीच्या काचेवर अकरा गोल डाग होते.

"फुफ्फुसात?" ते म्हणाले.

"तेरा महिन्यांपूर्वी जो गर्भ बिघडला, त्याच्या वारेच्या थोड्या पेशी मागं राहिल्या. त्या माजल्या, रक्तातून निघाल्या आणि फुफ्फुसात जाऊन रुजल्या. तिथं राहूनही त्यांनी आपलं जुनं पान सोडलं नाही. त्यावरूनच त्या ओळखता आल्या. क्षयाचा जंतू अकरा वेळा सापडला नाही, कारण तो नव्हताच."

"म्हणजे कर्करोग, फुफ्फुसात पसरलेला." डॉक्टरांचा आवाज पडला. "मग उरलं काय?"

"उरलंय. नागपूरच्या ग्रंथालयात मी वाचलंय. बहुतेक गाठी फुफ्फुसापर्यंत गेल्या की हात टेकावे लागतात. ही गाठ वेगळी. हिच्यावर चालणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. फुफ्फुसं भरलेल्या बायका त्यांनी बऱ्या झाल्यात, सगळ्या नाहीत, पण पुष्कळ. मुंबईला ते औषध आहे. आणि औषध लागू पडतंय की नाही हे पाहायला तिथंही हीच लघवी तपासतील."

मनकर्णाबाई दाराशी भिंतीला टेकल्या होत्या. "आन् धाडले नेली असती तं?"

डॉक्टर म्हणाले, "ही गाठ रक्तानं भरलेली असते. आत हत्यार घातलं असतं, तर तुमच्या बहिणीच्या दारात संपली असती ती."

मनकर्णाबाईंनी टोपी काढली आणि तीच तोंडाशी धरली.

"तुमाले काय माहीत होतं, बाई?" तानुबाई त्यांना म्हणाली. "तोंड तं म्या शिवलं होतं तिचं." मग ती उठली आणि सरळ वॉर्डात गेली. मधोमध उभी राहून, सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं साबुदाण्यापासून सगळं सांगितलं. भिंतीकडं तोंड केलेल्या बाईलाही वळावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "आता ज्याले जे बोलाचं ते मले बोला. माह्या सुनेले नाई."

विमल रडत होती. तिच्या सासूनं तिचा चेहरा आपल्या खरखरीत हातांनी पुसला, आणि पिठाचे डाग तिच्या गालांवर तसेच राहिले.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. भगवानराव मलकापूरच्या गाडीची वेळ विचारायला गेला. जाताना हातातलं संत्रं त्यानं वहिनीच्या उशाशी ठेवलं. ह्या वेळी ते सोललेलं होतं.

५

मुंबईहून पत्रं येत होती, भगवानरावाच्या हातची. पहिल्या महिन्यात विमलच्या तोंडात फोड आले, पाणीही गिळवेना. दुसऱ्या महिन्यात औषध थांबवावं लागलं. मग पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात थुंकीतलं रक्त थांबलं. चौथ्याच्या पत्रात औषधाबद्दल काहीच नव्हतं. विमल दुसऱ्या बायकांच्या खाटांपाशी जाऊन मिश्रीवरून भांडते, एवढंच लिहिलं होतं.

ऑगस्टच्या एका दुपारी वत्सलाबाई आणि मनकर्णाबाई दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. एस.टी. स्टँडवरून वर येणारा रस्ता चढाचा होता. वळणावर एक हिरवं लुगडं दिसलं, डोक्यावर गाठोडं. चाल सरळ, मधे कुठं थांबणं नाही. तिच्या मागं पंचवीस पावलांवर एक ठेंगणी म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली होती.

"हळू चाल वं!" तानुबाईचा आवाज वरपर्यंत आला. "सासूले मारतं का? माहा दम तुटून राह्यला!"

विमलनं वळून पाहिलं. डोक्यावरचं गाठोडं तिनं एका हातानं सावरलं आणि उतरून सासूच्या हातातली पिशवीही घेतली.

"तुमी बसा त्या दगडावर, आत्याबाई," ती म्हणाली. "मी हे वर ठिऊन येतो, मंग तुमाले नेतो."

आणि ती पुन्हा चढ चढू लागली.